वाचकांचे प्रश्न : चुलीतला जाळ आणि चुलीतला धूर

गावाकडच्या घरांवरील लेखात चुलीचा केवळ ओझरता उल्लेख आला होता, परंतु त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे चुलीविषयीच होती. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयता वडिलोपार्जित घरी राहायला आलो आहोत. रोजच्या स्वयंपाकासाठी गॅस आहे, मात्र अंघोळीचे पाणी आणि सणावारी काही पदार्थ चुलीवर करावेत अशी इच्छा आहे. लाकडे वाळलेली आहेत, तरीही रॉकेल ओतल्याशिवाय चूल पेटत नाही, आणि रॉकेल जळून गेले की लाकडे नुसती धुमसत राहतात. आमचे कोठे चुकते?
— एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. रॉकेल जळते ते लाकडाच्या पृष्ठभागावर आणि फार थोडा वेळ, त्यामुळे लाकूड आतून तापण्याआधीच ते संपून जाते. लाकूड पेटण्याची क्रिया समजून घेतली, तर रॉकेलची गरज का नाही हे लक्षात येईल. लाकूड तापू लागले की प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन निघून जाते, आणि ते सरेपर्यंत तेथील तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. पुढे २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान लाकडाचे विघटन होऊन त्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडू लागतात, आणि आपण ज्याला जाळ म्हणतो तो म्हणजे याच वायूंचे ज्वलन होय. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा प्रकारे वायुरूपाने जातो आणि उरलेला कोळसा निखारा होऊन ज्योतीविना जळतो. वायू बाहेर पडले, परंतु त्यांना पुरेशी उष्णता किंवा पुरेशी हवा मिळाली नाही, तर ते न जळताच धूर होऊन निघून जातात. आपली लाकडे धुमसतात याचा अर्थ एवढाच, की ती वायू सोडण्याइतकी तापली आहेत, पण ते वायू पेटवण्याइतकी धग तेथे तयार झालेली नाही.

म्हणून बारीक जळणापासून जाड लाकडाकडे टप्प्याटप्प्याने जावे लागते. प्रथम चुलीतील राख काढावी, परंतु तळाशी बोटभर थर राहू द्यावा, कारण राख उष्णता अडवून धरते आणि नव्या निखाऱ्यांना ऊब देते. चुलीच्या मागच्या बाजूस मनगटाएवढे एक लाकूड आडवे ठेवून त्यावर बारीक काटक्यांची टोके टेकवावीत, म्हणजे काटक्या तिरप्या राहून त्यांच्याखालून हवा खेळेल. काटक्यांखाली सोडणाचा (नारळाच्या बाहेरच्या सालीचा) पिंजलेला काथ्या, वाळलेल्या चुडताचे (माडाच्या झावळीचे) तुकडे किंवा एखादी फोडलेली करवंटी ठेवावी. करवंटी पेट घेते आणि आकाराच्या मानाने पुष्कळ धग देते, म्हणून नारळाच्या मुलखात राहणाऱ्यांनी ती कधीही फेकू नये. देशावरील वाचकांना हेच काम तुराट्यांनी (तुरीच्या वाळलेल्या काड्यांनी), पऱ्हाट्यांनी (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांनी) किंवा गोवरीच्या तुकड्याने साधता येईल. काडी खालून आणि पुढच्या बाजूने लावावी. काटक्या चांगल्या पेटल्या की अंगठ्याएवढ्या जाडीची लाकडे घालावीत, आणि ती पेटून त्यांचे निखारे दिसू लागल्यावरच मनगटाएवढी लाकडे आत सारावीत.

यात दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत आणि बहुतेक नवशिक्यांचे अडते ते तेथेच. पहिली गोष्ट अशी, की एकटे लाकूड क्वचितच नीट जळते. दोन पेटलेली लाकडे बोटभर अंतरावर समोरासमोर असली तर एकाची धग दुसऱ्याला मिळत राहते आणि मधल्या फटीतून हवाही वर चढते. तीच लाकडे फार दूर केली तर प्रत्येकाची उष्णता वाया जाते, आणि एकमेकांना चिकटवली तर हवा कोंडते. दुसरी गोष्ट म्हणजे, लाकूड शक्यतो फोडलेले असावे. सालीसकट अखंड ओंडका पेटायला कुरकुर करतो, तर फोडलेल्या ढलप्याच्या कडा पातळ असल्याने त्या लवकर तापतात.

फुंकणीविषयीही लिहितो. फुंकणीचे टोक ज्योतीवर धरले तर आधीच अशक्त असलेली ज्योत थंड होते. ते निखाऱ्याच्या बुडाशी धरून लांब, संथ फुंकर घालावी आणि मध्ये थांबून निखारा लाल होऊन ज्योत धरतो का ते पाहावे. सतत फुंकावे लागत असेल तर दोष मांडणीचा आहे असे समजून लाकडे पुन्हा रचावीत. आणि विझत आलेल्या चुलीवर, निखारे दिसत नसले तरीसुद्धा, कधीही रॉकेल ओतू नये. तापलेल्या राखेवर रॉकेलची वाफ होते आणि ती एकदम भडकली की ओतणाऱ्याच्या हातापर्यंत, अंगावरील कपड्यांपर्यंत येते. केवळ या सवयीपायी स्वयंपाकघरात माणसे भाजतात. कृपया आजपासून रॉकेलची बाटली चुलीजवळून हलवा.

प्रश्न : आमच्याकडे जून ते सप्टेंबर चूल पेटवणे म्हणजे शिक्षा असते. लाकडे पडवीत रचलेली असूनही दमट होतात. जळण कसे साठवावे, आणि कोणती लाकडे घ्यावीत?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते, तर चांगले वाळलेले लाकूड १५ ते २० टक्क्यांवर येते. ओल्या लाकडाची सारी उष्णता पाणी आटवण्यातच जाते, असा सर्वसाधारण समज आहे. थोडा हिशेब करून पाहू. एक किलो ओल्या लाकडात अर्धा किलो पाणी धरले, तर ते तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे १,३०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि उरलेल्या अर्ध्या किलो लाकडातून सुमारे ९,००० किलोज्यूल मिळू शकतात. म्हणजे कागदावर तोटा साधारण सातव्या हिश्श्याचा आहे. प्रत्यक्षात ओले लाकूड याहून कितीतरी अधिक त्रास देते, कारण त्यातून सतत निघणारी वाफ जाळाचे तापमान खाली ओढते, आणि तापमान उतरले की लाकडातील वायू न जळता डोळ्यांत जातात. ओल्या लाकडाचा खरा तोटा तो हा, आणि म्हणूनच पावसाळ्याची तयारी हिवाळ्यात करावी लागते.

जळणासाठीची लाकडे डिसेंबर-जानेवारीत तोडून लगेच फोडून ठेवावीत, कारण ओंडका सालीआड बंद राहिला तर तो आतून महिनोन्महिने वाळत नाही. रचताना खाली दगड किंवा जुने वासे घालून लाकूड जमिनीपासून वीतभर उचलावे, दोन ढलप्यांमध्ये फट ठेवावी, आणि वरून झाकण घालून बाजू मात्र उघड्या ठेवाव्यात. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलेल्या ढिगात आतल्या आत ओल साठते आणि लाकडाला बुरशी धरते. मृग लागण्यापूर्वी हे जळण पडवीत किंवा गोठ्याच्या माळ्यावर हलवावे. पडवीतील दमटपणा संपूर्ण टाळता येणार नाही, परंतु आतपर्यंत वाळलेले लाकूड हवेतील ओल वरवरच घेते आणि चुलीजवळ दिवसभर राहिले की ती सोडूनही देते. त्यामुळे उद्याचे जळण आज चुलीच्या कडेला, पण हातभर दूर ठेवण्याची पद्धत फार उपयुक्त आहे. चुलीच्या वर टांगलेल्या फळीवर बारीक काटक्या ठेवता येतील. तेथवर ज्योत पोहोचत नाही याची मात्र खात्री करून घ्यावी.

लाकूड वाळले की नाही हे ओळखणे सोपे आहे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यास खणखणीत आवाज यावा, टोकांना चिरा दिसाव्यात आणि साल सहज सुटावी.

लाकडांमध्ये बाभूळ, खैर, ऐन ही जड लाकडे उशिरा पेटतात, पण त्यांचा निखारा टिकतो. सुरूचे लाकूड जळणासाठी उत्तम समजले जाते. पांगारा आणि सावर ही हलकी लाकडे भुर्रकन जळून जातात, म्हणून ती फक्त पेटवण्यापुरती वापरावीत. आंबा मध्यम आहे आणि कोकणात मुबलक मिळतो. झाड तोडण्यापूर्वी मात्र परवानगीची चौकशी करावी, कारण महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यानुसार अनेक जातींची झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वाळलेल्या फांद्या आणि छाटणीचे लाकूड यांवर एका कुटुंबाच्या अंघोळीच्या पाण्याची गरज बहुधा भागते.

काही गोष्टी चुलीत घालूच नयेत. बिब्ब्याच्या लाकडाने आणि त्याच्या धुराने त्वचेवर फोड येऊ शकतात. काजूच्या टरफलातील तेलाचा धूरही तसाच दाहक असतो. कण्हेर विषारी आहे. रंग दिलेली फळकुटे, प्लायवुड आणि प्लॅस्टिक यांच्या धुरातील विषारी द्रव्ये स्वयंपाकघरात पसरतात. अखंड पेरांचा बांबू तापला की आत कोंडलेली हवा आणि वाफ पेर फोडते व ठिणग्या उडतात, म्हणून बांबू चिरून घेतल्याशिवाय चुलीजवळ आणू नये.

प्रश्न : शेतावरच्या घरी सासूबाई आणि मी दोघीही चुलीवर स्वयंपाक करतो. धुराने डोळे चुरचुरतात, सासूबाईंना सकाळी खोकला येतो. धुराडे बसवले तर जाळ कमी होईल, असे गावात सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक भगिनी, सिन्नर तालुका

उत्तर : धुराडे अवश्य बसवावे. फार रुंद किंवा फार उंच धुराडे गरम हवा जास्त वेगाने ओढून नेते आणि भांड्याला कमी धग मिळते, हे खरे आहे. परंतु त्यावर उपाय धुराडे टाळणे हा नसून चूल नीट बांधणे हा आहे. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू होऊन २००२ पर्यंत चालला आणि त्यातून महाराष्ट्रात धुराड्याच्या, दोन भांड्यांच्या मातीच्या चुली घरोघर गेल्या. पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेनेही अशा चुलींवर पुष्कळ काम केले. यांतील अनेक चुली काही वर्षांतच बंद पडल्या आणि त्यामागे माझ्या मते एक साधे कारण होते : धुराडे काजळीने भरते, ते वरचेवर साफ करावे लागते, हे चूल बांधून देताना पुरेशा आग्रहाने सांगितले गेले नाही. आपण धुराडे बसवाल तेव्हा ते खालून उघडता येईल अशी व्यवस्था ठेवा, महिन्यातून एकदा काथ्याच्या ब्रशने काजळी पाडा, आणि त्याचे तोंड छपराच्या वर दोन-तीन फूट काढून त्यावर पावसाची टोपी बसवा. धुराडे छपरातून जेथे बाहेर पडते तेथे लाकडी वासा किंवा गवत त्याला लागता कामा नये.

तोवर तीन गोष्टी आजच करता येतील. चुलीचे तोंड लाकडांनी निम्म्यापेक्षा अधिक भरू नये, कारण हवाही त्याच तोंडातून आत येते. शक्य असल्यास लाकडांखाली लोखंडी जाळी ठेवावी, म्हणजे हवा खालून निखाऱ्यांपर्यंत पोहोचेल. जाळीने धूर कमी झाल्याचे आपल्याला पहिल्याच दिवशी जाणवेल. आणि भांडे चुलीच्या खुंटांवर इतके खाली बसू नये की पिवळी ज्योत त्याच्या थंड बुडाला लगेच लागेल, कारण अर्धवट जळालेली ज्योत थंड धातूला लागली की तिची काजळी होते. भांड्याच्या बुडाशी दाट काळा थर रोज जमत असेल, तर चूल धूर करत आहे, हे तोच सांगतो. खोलीत चुलीसमोर एक आणि उंचावर एक अशी दोन उघडी ठिकाणे असावीत. सासूबाईंचा खोकला मात्र चुलीवर ढकलून देऊ नका; त्यांना डॉक्टरांना दाखवा, आणि शक्य असेल तेव्हा सकाळचा चहा-नाश्ता गॅसवर करून त्यांचा धुरातला वेळ कमी करा.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये यॉर्कशरला राहतो. नव्या घरात काचेच्या दाराचा लोखंडी लाकूड-स्टोव्ह आहे. लहानपणी आजीची चूल पाहिली आहे, पण येथे काच लगेच काळी होते आणि रात्री हवा बंद करून ठेवली तर सकाळी घरभर वास येतो.
— एक वाचक, यॉर्कशर

उत्तर : आपण विचारलेल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे आगीला कमी पडणारी हवा. चुलीला हवा आपोआप मिळते. बंद स्टोव्हला ती आपण द्यावी लागते. रात्री हवा पूर्ण बंद केली की लाकूड तासन्‌तास धुमसते, त्याचा धूर थंड धुराड्यात गोठून डांबरासारखा थर बनतो, आणि तोच थर एखाद्या दिवशी पेटून धुराड्यात आग लागू शकते. याहून गंभीर धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे, कारण या वायूला रंग नाही आणि वास नाही. स्टोव्ह असलेल्या खोलीत त्याचा सूचक, म्हणजे हा वायू जमू लागताच आवाज करून सावध करणारे यंत्र, बसवलेला असलाच पाहिजे. घरातील एकापेक्षा अधिक जणांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर जाणवली, तर आधी सर्वांनी बाहेर पडावे. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणारी माणसे याच वायूने दगावतात, त्यामुळे हे महाराष्ट्रातील वाचकांनीही लक्षात ठेवावे.

पेटवताना खालून वर जाण्याऐवजी वरून खाली येण्याची पद्धत वापरून पाहा. तळाशी दोन-तीन फोडलेली लाकडे, त्यांवर आडव्या-उभ्या रचलेल्या बारीक ढलप्या, आणि सर्वांत वर पेटवण. हवेची झडप पूर्ण उघडी ठेवून काडी वरच्या टोकाला लावावी आणि पहिली काही मिनिटे दार किंचित उघडे ठेवून तेथेच बसावे. आग हळूहळू खाली उतरते, धुराडे लवकर गरम होते, आणि खालच्या लाकडांतून निघणाऱ्या वायूंना वरच्या ज्योतीतूनच जावे लागत असल्याने ते जळून जातात. (चुलीत लाकूड समोरून आडवे सारले जाते, म्हणून तेथे ही पद्धत बसत नाही.) पुढे झडप थोडी थोडी कमी करावी, पण ज्योत आळसावेल इतकी नाही. नवे लाकूड नेहमी लाल निखाऱ्यांवर, एकावेळी एक-दोनच, आणि ते पेट घेईपर्यंत झडप उघडी ठेवून घालावे.

इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकले जाणारे जळाऊ लाकूड २० टक्क्यांपर्यंतच ओलाव्याचे असावे असा नियम आहे आणि त्यावर ‘रेडी टू बर्न’ असा शिक्का असतो. मोठ्या प्रमाणात लाकूड घेतले असेल तर ओलावा मापक घेऊन, ढलपी नव्याने फोडून, तिच्या आतल्या बाजूवर मोजावे; बाहेरून घेतलेले माप फसवे असते. धुराडे वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून साफ करून घ्यावे.

प्रश्न : चुलीवर ज्वारीची भाकरी करताना कधी ती करपते, कधी कच्ची राहते. जाळ कसा राखावा?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : जाळ हवा असेल तर बारीक लाकूड घालावे, निखारा हवा असेल तर जाड. भाकरीला दोन्ही लागतात, आणि म्हणून अर्धा तास आधी बाभळीची दोन जाड लाकडे पेटवून ठेवावीत, म्हणजे तवा चढेपर्यंत चुलीच्या तोंडाशी निखारे तयार असतात. तव्याखालचा जाळ तुराट्यांसारख्या बारीक जळणाचा, मध्यम आणि बुडाला सगळीकडे सारखा पसरलेला असावा. वरच्या बाजूला पाणी लावून ते सुकताच भाकरी उलटावी, दुसरी बाजू तव्यावर भाजू द्यावी, आणि मग तवा उतरवून किंवा बाजूला सारून पहिली बाजू निखाऱ्यांच्या समोर उभी धरावी. भाकरी फुगते ती या थेट धगीने. ज्योत लागली तर मात्र तिला काळे डाग पडतात आणि धुराचा वास येतो. आच जास्त झाली तर लाकडे मागे ओढावीत. पाणी शिंपडू नये, कारण त्याने राख उडते आणि तापलेल्या मातीला तडे जातात. त्याच वेळी वैलावर (चुलीला जोडलेल्या, तिच्याच धगीवर चालणाऱ्या बाजूच्या चुलीवर) पिठले किंवा आमटी ठेवली तर ती हळू शिजत राहते.

प्रश्न : काम झाल्यावर चूल कशी विझवावी आणि राखेचे काय करावे?
— एक वाचक, दापोली

उत्तर : जळती लाकडे बाहेर ओढून त्यांची टोके राखेत दाबावीत, हवा तुटली की ती विझतात आणि उद्या तीच टोके लवकर पेट घेतात. सकाळी विस्तव हवा असेल तर जड लाकडाचा एखादा निखारा राखेखाली पुरून ठेवावा. याच कारणाने ताजी राख कधीही पोत्यात, प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा गवताजवळ टाकू नये, कारण थंड दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत असतो. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात दोन दिवस राहू द्यावी. स्वच्छ लाकडाच्या राखेत पालाश (पोटॅश) आणि चुना असतो, आणि कोकणातील जांभ्या जमिनी आम्लधर्मी असल्याने नारळाच्या आळ्यात ती मूठ-दोन मूठ पसरून मातीत मिसळणे फायद्याचे ठरते. युरियासोबत किंवा ताज्या शेणखतासोबत मात्र ती एकत्र टाकू नये, कारण त्या खतांतील नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत निघून जाते.